पाण्याचा ताळेबंद ऑक्टोबरात सगळेच मांडतात, मे महिन्यात तो कोण तपासतं?

प्रश्न असा आला आहे. एका संस्थेतर्फे पाणलोट आणि भूजलाचं काम करणाऱ्या एक ताई विचारतात: गावात शेतकऱ्यांची प्रशिक्षणं झाली, शिवारफेऱ्या झाल्या, पाण्याचा ताळेबंद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून झाला, तरी फेब्रुवारी संपता संपता टँकरचा ठराव झालाच. शाश्वत विकासासाठी शेतकरी, ग्रामपंचायत, बचत गट, भूमिहीन आणि सरकारी खात्यांची माणसं यांनी एकत्र शिकलं पाहिजे, असं सगळे म्हणतात. ते शिकणं घडवायचं कसं?

ताई, आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या गावाने ताळेबंद मांडला आहे, तपासलेला नाही. ऑक्टोबरात ठरवायचं की पाणी एवढं आहे, रब्बी एवढीच. मग पुढच्या मे महिन्यात त्याच माणसांनी तीच वही उघडून बघायचं की अंदाज काय होता, झालं काय आणि फरक कुठे पडला. हा दुसरा भाग जवळपास कुठेच होत नाही. मी बघितलेल्या गावांपैकी जी काही शिकली ती या दुसऱ्या बैठकीत शिकली. बाकीच्यांकडे माहिती होती, फोटो होते आणि चहाची बिलं होती.

आता सविस्तर. हिशेबापासून सुरुवात करतो, कारण तो साधा असेल तरच गाव त्यावर भांडू शकतं.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी झालं. एवढं एक वाक्य पाठ असलं की बाकीचं पाढ्यांवर होतं. समजा शिवार १००० हेक्टरचं आहे आणि पाऊस ४५० मिमी झाला. म्हणजे ४५० कोटी लिटर. हा आकडा फळ्यावर लिहिला की बैठकीत हमखास कुणीतरी म्हणतं, एवढं पाणी आहे तर टँकर कशाला? मग त्यातून बाष्प होऊन गेलेलं, खरिपाने प्यालेलं, ओढ्याने वाहून नेलेलं वजा करत यायचं. आपल्या काळ्या पाषाणात खाली मुरतं ते ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आसपास, कुठे सात, कुठे बारा-तेरा. दहा धरले तर ४५ कोटी लिटर उरले. दीड हजार लोकवस्तीला जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर धरा, वर्षाचे तीन कोटी होतात. जनावरांचे दीड कोटी धरा. हातात राहिले चाळीस कोटी. आणि गावाने नुसता शंभर हेक्टर रब्बी कांदा लावायचं मनात आणलं, तर हंगामाला ६०० मिमीच्या हिशेबाने त्यालाच साठ कोटी लागतात. उसाचं तर बोलायलाच नको, एका हेक्टरला दोन कोटींच्या पुढे.

एकरी सांगितलं की लोकांना जास्त लवकर कळतं. एकर कांद्याला साधारण चोवीस लाख लिटर, एकर हरभऱ्याला दहा लाख. यातलं काही पाणी जमिनीतल्या ओलीतून मिळतं, त्यामुळे विहिरीवरचा भार थोडा कमी होतो. पण कुठलं पीक किती पितं, यातला फरक काही बदलत नाही.

इथपर्यंत प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलं जातं. यानंतर मागच्या रांगेतून प्रश्न येतो, दहा टक्केच मुरतं हे कुणी सांगितलं? बहुतेक प्रशिक्षक इथे थोडे वैतागतात, पुस्तक किंवा शासनाची मार्गदर्शिका पुढे करतात आणि गाडी पुढे हाकतात. मला विचाराल तर अख्ख्या दिवसातला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच असतो. त्याला उत्तर देऊ नका. विचारणाऱ्याच्या हातात विहिरीची पातळी मोजायची टेप द्या.

मोजमाप म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. निरीक्षणासाठी विहिरी निवडताना रस्त्यालगतच्या आणि सरपंचांच्या ओळखीच्या नकोत. एक माळावरची, एक ओढ्याकाठची, एक गावठाणाजवळची, एक बंधाऱ्याच्या खालच्या अंगाची, अशा वेगवेगळ्या घ्या. कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करा आणि टेप दर वेळी तिथूनच सोडा. कठड्याची उंची वजा करा, हे आठवणीने सांगावं लागतं. मोजायला दोघं जाऊ द्या. पंधरवड्याची तारीख ठरलेली हवी, वेळही ठरलेली हवी, आणि ती पंप सुरू होण्याआधीची हवी.

गंमत पुढेच आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी शेतीच्या विजेची पाळी बदलती असते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. तुम्ही सकाळी सातची वेळ ठरवलीत, तरी रात्रपाळीच्या दिवसांत विहीर रात्रभर उपसलेली असते. पातळी चार-पाच फूट खाली दिसते आणि आलेखात उगाच खड्डा पडतो. कार्यालयात बसून आलेख बघणाऱ्या भूवैज्ञानिकाला तो भूजलाचा प्रश्न वाटेल. टेप सोडणारा पोरगा मात्र सांगेल, साहेब, रात्रीची लाइट होती. वहीत 'वीज: दिवस की रात्र' असा रकाना कुठल्याही छापील तक्त्यात मी पाहिलेला नाही. गावाने तो वाढवला आणि खात्याच्या माणसाने मान्य केला, की त्या क्षणी दोघं एकमेकांकडून शिकलेले असतात. सामूहिक शिक्षण म्हणतात ते दिसायला इतकं किरकोळ असतं.

महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. राज्यभर तिच्या निरीक्षण विहिरी आहेत आणि वर्षातून चारदा त्यांची पातळी मोजली जाते. जिल्ह्याचं, पाणलोटाचं चित्र काढायला ते पुरतं. तुमच्या वाडीतल्या रब्बीचा निर्णय घ्यायला पुरत नाही, कारण बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, हा लहरी खडक. दोनशे फुटांवरच्या दोन विहिरींपैकी एक जानेवारीत कोरडी पडते आणि दुसरी एप्रिलपर्यंत मोट ओढावी अशी भरलेली असते. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले आहेत. कुठे सच्छिद्र, कुठे घट्ट, मधे गेरूसारखा लाल पट्टा. तुमची विहीर कुठल्या थरात संपते त्यावर सगळं अवलंबून.

हे थर गावात कुणाला सर्वांत चांगले माहीत असतात? विहिरी खोदणाऱ्या वडारांना. किती हातांवर मुरूम संपला, कुठे सुरुंग लावावा लागला, कुठल्या अंगाने झरा फुटला, हे त्यांना वर्षानुवर्षांनी आठवतं. दुसरा जाणकार म्हणजे बोअरच्या गाडीवर गिऱ्हाईक आणून देणारा एजंट. तिरुचेनगोडच्या गाड्या तुमच्या तालुक्यात कुठे कुठे उभ्या राहिल्या आणि किती फुटांवर काय लागलं, हे त्याच्याइतकं कुठल्याच दप्तरात नसतं. तिसरा माणूस वायरमन. बोअर किती आहेत हे कुणी खरं सांगत नाही, सातबाऱ्यावर तर अर्धेही नसतात, पण मोटारी किती आणि कधीपासून चालतात हे वायरमनला पाठ असतं. तुमच्या हितसंबंधीयांच्या यादीत यांच्यातलं कुणी आहे का, एकदा बघा. त्या यादीत बहुधा सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक, अंगणवाडीताई असे पदाधिकारी असतात. पद असलेल्याला बोलावणं सोपं असतं. जाणणाऱ्याला हुडकावं लागतं.

बायकांचंही तसंच. बैठक संध्याकाळी सातला, म्हणजे भाकरी थापायच्या वेळेला ठेवायची आणि मग 'महिलांचा सहभाग कमी' असं अहवालात लिहायचं, ही आपली जुनी खोड. एका वस्तीवर हापशाबद्दल बोलणं चाललं होतं. तिथल्या बायकांनी हिशेबच सांगितला: दिवाळीत चार हापशांत पाणी येतं, संक्रांतीला दहा-बारा लागतात, होळीला दम लागेपर्यंत मारावे लागतात. ही भूजल पातळीची नोंदच आहे, टेप नसलेली. आम्ही ती वहीत घ्यायला लागलो, तेव्हा विहिरीच्या पातळीशी ती चांगली जुळली. आणि मुख्य म्हणजे त्यानंतर त्या बायका बैठकीत मागे बसेनात.

आता प्रशिक्षणाबद्दल माझं मत, थोडं तिखट वाटलं तरी सांगतो. सभागृहात बसवून, पडद्यावर चित्रं दाखवून माणसाला माहिती होते, पण त्याचं वागणं सहसा बदलत नाही. हे इंडोनेशियात भातशेतीत फार स्पष्टपणे कळलं. तपकिरी तुडतुड्याने तिथलं भात खाल्लं. जितकी फवारणी वाढली तितका तुडतुडा वाढला, कारण औषधाने त्याला खाणारे कोळी आणि मित्रकीटकच मरत होते. १९८६ मध्ये सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने शेतकऱ्याला कीड ओळखता येत नाही. म्हणून १९८९ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतातच शाळा सुरू झाल्या. आठवड्यातून एकदा सकाळी पाच-पाच जणांच्या टोळ्या शेतात उतरायच्या, चुडांवरचे शत्रूकीटक आणि मित्रकीटक मोजायच्या, मोठ्या कागदावर त्यांची चित्रं काढायच्या आणि फवारायचं की नाही यावर वाद घालायच्या. शेजारी दोन प्लॉट असायचे, एक नेहमीच्या पद्धतीचा आणि एक या गटाच्या निर्णयावर चालणारा. हंगामाच्या शेवटी दोन्हींचं उत्पन्न समोर. आपल्याकडच्या शेतीशाळा, पोकरातल्या (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातल्या) असोत की कृषी विभागाच्या, याच कुळातल्या. पण आपण बऱ्याचदा शेतीशाळेतली 'शाळा' ठेवतो आणि कागदावर चित्र काढून भांडण्याचा भाग गाळतो. वेळ नसतो ना, त्याच दिवशी हजेरीपट अपलोड करायचा असतो.

दुसरी गोष्ट मी गडचिरोलीकडून उचलली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव तुम्ही सामूहिक वनहक्कामुळे ऐकलं असेल. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा हक्क त्या गावाला मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक केंद्रीय मंत्र्यांनी गावात येऊन दिलं. पण त्याआधी वर्षानुवर्षं तिथे अभ्यास गट चालत होते, त्याबद्दल कमी बोललं जातं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याभोवती उभं राहिलेलं हे काम. त्याची घडण अशी की अभ्यास गटात कुणीही बसावं, गावातलं, बाहेरचं, अधिकारी, संशोधक. हवं ते विचारावं, हवं ते बोलावं. मात्र अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. मध काढताना मोहोळ जाळायचं नाही, माश्या जगवायच्या, ही पद्धत तिथे अशाच अभ्यासातून आली.

ही फारकत मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या बैठकीत दोन्ही गोष्टी एकत्र होतात. बोअरवाला तोंड उघडत नाही, कारण आज काही कबूल केलं तर आजच ठराव होईल अशी त्याला भीती. अधिकारी तोंड उघडत नाही, कारण त्याचं बोलणं आश्वासन म्हणून लिहून घेतलं जाईल. आणि ज्यांचं काही पणाला लागलेलं नाही ते तासभर भाषण करतात. म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच जाहीर करा की आज काहीही ठरणार नाही. आज फक्त आकडे बघायचे आणि त्यांच्यावर शंका घ्यायच्या. ठरवायचं ते ग्रामसभेत, पंधरा दिवसांनी. एवढं केलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

मग नियम करायचे की नाही? यावर आपल्या क्षेत्रात दोन पंथ आहेत. हिवरे बाजारने नियम केले: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, पाऊस मोजून ताळेबंद आणि त्यावरून रब्बी. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या मागे गाव एकवटलं होतं, म्हणून ते टिकलं. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावपासून त्याहून धाडसी पाऊल टाकलं. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर, माणशी अर्धा एकर भिजेल एवढा आणि कुटुंबाला अडीच एकरांपर्यंत. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. भूमिहीन माणूस पाण्याच्या बैठकीला का येईल, याचं इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं मला माहीत नाही. त्याला त्यात काही मिळणार असेल तर तो येईल.

आंध्रने दुसऱ्या पंथाची, नियमाविना वाट धरली. २००३ नंतर काही वर्षं एका प्रकल्पातून सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांतल्या सहाशेहून अधिक गावांत शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस आणि विहिरींची पातळी मोजली, रब्बीच्या तोंडावर सगळ्यांची पीक नियोजनं गोळा केली, पाणी आणि गरज यांचा मेळ जाहीरपणे मांडला, आणि तिथेच थांबले. कुणावर सक्ती नाही, दंड नाही. समोरचा आकडा बघून ज्याने त्याने आपापलं ठरवायचं. अनेक ठिकाणी भात कमी झाला आणि कमी पाण्याची पिकं वाढली. परोपकार म्हणून नव्हे. भात मार्चमध्ये करपणार हे दिसत असताना बियाणं-खतावर पैसा घालायला कोण तयार होईल? प्रकल्प संपल्यावर मात्र बऱ्याच गावांत मोजमाप थांबलं, हेही सांगितलं पाहिजे.

माझा अनुभव असा की पहिली दोन वर्षं आंध्रच्या वाटेने जावं. आकडा जाहीर करा, नियम करू नका. आकड्यावर विश्वास बसण्याआधी केलेला नियम पाळणाऱ्याला शिक्षा आणि मोडणाऱ्याला बक्षीस होऊन बसतो. तिसऱ्या वर्षी लोक स्वतःच विचारतात, नियम का नाही करायचा? तेव्हा करा. भूजलाचा २००९ चा राज्य कायदा पाठीशी आहे, पण कायद्याचं पुस्तक पहिल्याच बैठकीत टेबलावर ठेवू नका.

जाता जाता एक. आंध्रातच काही संस्थांनी गावकऱ्यांबरोबर भूजलाचा एक खेळ खेळून पाहिला. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने कमी पाण्याचं की जास्त पाण्याचं पीक घेणार ते गुपचूप निवडायचं. सगळ्यांचा उपसा एकाच साठ्यातून वजा होतो. पहिल्या डावात आपसात बोलायला बंदी, दुसऱ्यात मोकळीक. कुठल्या पिकाने साठा किती उतरतो, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं. खेळाला फारसा खर्च नाही. ताळेबंदाच्या आदल्या दिवशी मंदिरात खेळून बघा. त्यानंतर दुसऱ्या दिवशीची बैठक वेगळी होते.

आता मे महिन्याची बैठक.

ती का होत नाही, याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. लग्नसराई, ऊन, आणि प्रकल्पाचं वर्ष मार्चमध्ये संपून अहवाल गेलेला असतो. खरं कारण वेगळंच. ऑक्टोबरात ठरलेलं कुणी मोडलं याची नावं निघतील, या भीतीने सगळेच ती टाळतात, मोडणारेही आणि पाळणारेही. यावर उपाय म्हणजे बैठकीची सुरुवात गावाच्या चुकीपासून न करता अंदाजाच्या चुकीपासून करायची. खात्याच्या किंवा संस्थेच्या माणसाने आधी सांगायचं की दहा टक्के मुरेल असं आम्ही धरलं होतं, विहिरींची पातळी बघता ते सातच होतं असं दिसतं, आमचा अंदाज इथे हुकला. साहेब लोकांचा अंदाज हुकू शकतो हे एकदा उघड झालं, की शेतकऱ्याची जीभ सुटते. नावं घ्यायची नाहीत, मळ्यामळ्याने बोलायचं. ओढ्याकाठाला पाणी कधीपर्यंत पुरलं, माळावर कधी आटलं.

मराठवाड्यातल्या एका गावातली अशी बैठक सांगतो. ऑक्टोबरच्या हिशेबाप्रमाणे पाणी एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरायला हवं होतं. विहिरींनी फेब्रुवारीतच तळ गाठला. बैठकीत सगळा रोख कांदेवाल्यांवर होता. पण पेरा काढून बघितला तर कांदा ठरल्याइतकाच होता, उलट थोडा कमी. बराच वेळ कुणाला काही सुचेना. मग वायरमन म्हणाला, दिवाळीनंतर लोड वाढला तो कांद्याच्या पट्ट्यात नाही, वरच्या अंगाला मोसंबीकडे. तिथे नवीन शेततळी झाली होती. प्लास्टिकचं अस्तर घातलेली, पावसाच्या नव्हे, बोअरच्या पाण्याने भरलेली. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं म्हणजे बावीस लाख लिटरच्या आसपास. जवळजवळ एक एकर कांदाच. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिमी बाष्पीभवन धरलं तर भरलेल्या तळ्यावरून रोज सात हजार लिटर नुसतं उडून जातं. ताळेबंदाच्या तक्त्यात पिकांचा रकाना होता, शेततळ्यांचा नव्हता. योजनेतून अनुदान मिळालेलं, म्हणजे पाणी वाचवणारी गोष्ट, असं सगळ्यांनी धरलेलं, खात्यानेही.

मोसंबीवाले गप्प होते. मग त्यांच्यातला एक बोलला: बाग पंधरा वर्षांची आहे, एका उन्हाळ्यात वाळली तर मी संपलो, मी तळं भरणारच. यालाही कुणाकडे उत्तर नव्हतं, आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. निर्णय त्या दिवशी झालाच नाही. पुढच्या ऑक्टोबरच्या तक्त्यात मात्र शेततळ्यांचा रकाना आला. तळं ऑगस्ट-सप्टेंबरात ओढ्याला पाणी वाहत असताना भरायचं, दिवाळीनंतर बोअरवरून नाही, असं बागायतदारांनीच सुचवलं. पाळलं का? बऱ्याच जणांनी पाळलं, सगळ्यांनी नाही. आणि त्या बैठकीला आलेल्या भूजल खात्याच्या तरुण अधिकाऱ्याने तोच रकाना आपल्याकडच्या इतर गावांच्या तक्त्यांत घातला. गावात सुरू झालेलं शिकणं अशा वाटेने वर जातं. ते शासन निर्णय होऊन येण्याची वाट बघत बसलं तर पिढी जाते.

अधिकारी बदलून जातात, ही तक्रार तुम्ही पुढे करालच. ती खरी आहे आणि तिच्यावर इलाज नाही, पण बचाव आहे. नाशिकच्या वाघाड पाटबंधारे प्रकल्पाकडे बघा. १९९१ च्या सुमारास शेपटाकडच्या, म्हणजे पाणी कधीच न पोचणाऱ्या शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्थांपासून तिथे सुरुवात झाली. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी पाटबंधारे खात्याशी भांडत-जुळवत पाणी मोजून घेण्याची पद्धत बसवली. पुढे संपूर्ण प्रकल्प शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आला. इतक्या वर्षांत तिथे किती अभियंते आले-गेले असतील. काम टिकलं, कारण मोजमापाची वही संस्थेकडे होती. नवा साहेब आला की त्याला शिकवायचं काम संस्थेचं. तुमच्याकडेही नव्या कृषी सहायकाचं पहिलं काम भाषण नको. त्याला पंधरवड्याच्या मोजणीला विहिरीवर न्या.

मोजमाप भरायच्या ॲपचं काय, हेही तुम्ही विचाराल. वापरा, पण वही आधी. ॲपमध्ये भरलेला आकडा गावाला परत दिसत नाही, तो वर जातो आणि वरच राहतो. फळ्यावरचा आकडा येता-जाता दिसतो आणि त्याला लोक नावं ठेवतात. नावं ठेवली गेली पाहिजेत. आणि भिंतीवर ताळेबंद रंगवून घेताना पेंटरला सांगा, प्रत्येक ओळीपुढे एक रकाना मोकळा सोड, वर 'मे महिन्यात प्रत्यक्ष' असं लिही. सात-आठ महिने तो मोकळा रकाना गावाच्या डोळ्यांसमोर राहिला, की बैठक टाळणं अवघड होतं.

पैशाचं म्हणाल तर टेप, साधा पर्जन्यमापक, फळा आणि वही यांना फारसं लागत नाही. लागतं ते मोजणाऱ्या पोराच्या किंवा पोरीच्या मानधनाला. ते प्रकल्पातून देऊ नका, निदान दुसऱ्या वर्षापासून तरी नाही. वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवलेला हिस्सा असतो. त्यातून बसतं का, ते ग्रामसेवकाशी बोला. नाहीच जमलं तर निरीक्षण विहिरींच्या मालकांनी मिळून द्यावं. रक्कम लहान का असेना, गावाच्या खिशातून गेली की तारीख चुकली तर विचारणारे गावातच असतात.

तुमच्या गावात यंदाचा ताळेबंद झालेला आहे, त्यामुळे नव्याने काही मांडू नका. गेल्या ऑक्टोबरचा तक्ता शोधून काढा, वायरमनला, हापशावरच्या दोघी-तिघींना आणि विहिरी खोदणाऱ्या म्हाताऱ्याला आधी घरी जाऊन भेटा, आणि अक्षय्य तृतीयेनंतर लग्नाची तिथी नसलेली एक सकाळ बघा. नऊच्या आत संपवा, ऊन चढतं. पहिल्या वर्षी भांडण होईल. फळ्यावरचे आकडे तेवढे पुसू देऊ नका.